खितामचा फिंजान

"मी बघितलं होतं" एवढे शब्द कानावर पडले की खितामला खरोखर मळमळायचं. तिचं नाक आक्रसायचं, ओठ वाकडे व्हायचे आणि हातातला तिळाचा पाव कागदात गुंडाळून ती बाजूला ठेवायची. मी कित्येक वर्षं तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसून प्रोग्राम लिहीत आलो आहे, त्यामुळे खात्रीने सांगतो, बाई नाटकी नव्हती. खोटं बोलणाऱ्याला ती हसून सोडून द्यायची. तिला किळस यायची ती खरं बोलून हात झटकणाऱ्यांची, आणि आमच्या ऑफिसात तशी माणसं ठासून भरलेली होती.

ऑफिस अम्मानमध्ये, तबरबूरच्या चढावर. खाली पाण्याच्या टँकरचं आवार, वर आम्ही. नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं. त्या दिवशी सगळं शहर कपडे धुतं, गच्चीवरच्या टाक्या भरतं, आणि उरलेले दिवस आमच्या टँकरांना शिव्या घालतं. डिझेलचा वास, वर कुजक्या ओल्या फडक्यांचा वास, आणि त्यावर रिफात बेकचं अत्तर. रिफात बेक म्हणजे आमचा मालक. हा माणूस दिवसभर भोपळ्याच्या बिया फोडायचा आणि टरफलं ज्याच्या टेबलाशी उभा असेल त्याच्या कपात थुंकायचा. आम्ही कप पालथे घालून ठेवायला लागलो तर टेबलावर थुंकायला लागला. अशा माणसाच्या हाताखाली मी जगतो आहे, आणि हे लिहितानाही मला अंघोळ करावीशी वाटते.

खिताम जर्काची. तिचा बाप अबू जवाहिर, जर्का ते अम्मान बस चालवायचा. अबू म्हणजे बाप, आणि पुढे नाव लागतं ते थोरल्या मुलाचं. याला मुलगा नाही, म्हणून थोरल्या मुलीच्या, जवाहिरच्या नावाने हाक. बस स्टँडवर त्यावरून टिंगल व्हायची, आणि टिंगल करणारा त्याच्या बसमध्ये सापडला तर हा त्याला भर उन्हात मध्येच उतरवायचा. मुली होतच राहिल्या तेव्हा आजीने वैतागून हिचं नाव खिताम ठेवलं, म्हणजे समाप्ती, आता पुरे. त्यानंतरही दोन झाल्या.

"नाव ठेवून काही थांबत नसतं," खिताम म्हणायची. "थांबवायचं तर कोणीतरी हात धरावा लागतो."

आयुष्यभर बसच्या सीटवर लघवी दाबून आणि गोड चहावर दिवस काढून बापाची मूत्रपिंडं गेली, असं तिचं म्हणणं. डॉक्टर म्हणायचे, रक्तदाब. काही असो, म्हातारा दिवसाआड डायलिसिसच्या सेंटरला जायचा, खुर्चीत आडवा व्हायचा, आणि हातातून रक्त मशीनमध्ये जाऊन धुऊन परत यायचं. त्या धुण्याला पाणी लागतं, एकेका माणसाला पिंपभर. सेंटरचा नळ आटला की पाणी आमच्या आवारातून जायचं. म्हणजे खितामने लिहिलेल्या प्रोग्रामच्या इशाऱ्यावर सुटणारं पाणी तिच्या बापाच्या रक्ताला लागत होतं. हे तिला रोज ठाऊक असायचं. बाकीच्यांना ते कधीतरी आठवायचं.

म्हणून आवारात एक नियम होता. पिण्याच्या पाण्याचा एक टँकर भरलेला, सेंटरसाठी उभा राहिलाच पाहिजे. बाकीचे कुठेही पाठवा, शेवटचा हलवायचा नाही.

पूर्वी सगळ्या किल्ल्या एकाच फळीवर टांगलेल्या असायच्या. ज्याला गाडी सोडायची त्याने फळीपाशी जायचं, आणि तिथे रोज रांग आणि रोज हमरीतुमरी. बेकला त्या रांगेची लाज वाटायची. आखाती देशांतले पैसेवाले पाहुणे यायचे आणि त्यांच्यासमोर ड्रायव्हर एकमेकांच्या बहिणी काढायचे. मग त्याने कॉम्प्युटर आणला, आम्हाला आणलं, आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं, "आमच्याकडे कोणी थांबत नाही."

आणि खरंच कोणी थांबत नव्हतं. गाड्या सोडणारे दोघे, गालिब आणि समाह, वेगवेगळ्या खोल्यांत बसायचे. गाडी सोडायचं काम उघडलं की मशीन त्या क्षणीच्या आवाराचा एक फोटो काढून ज्याच्या त्याच्या हातात द्यायचं. काम संपेपर्यंत ज्याने त्याने आपापल्या फोटोत बघायचं, दुसऱ्याची लुडबुड नाही. काम संपवताना ड्रायव्हरचं नाव, गिऱ्हाइकाचा पत्ता, टँकरचं सुटणं, हे सगळं एकदम नोंदलं जायचं, नाहीतर काहीच नाही. अर्धवट काही राहायचं नाही. दोघांनी एकाच टँकरला हात घातला असेल तर आधी संपवणाऱ्याचं मान्य आणि दुसऱ्याला हाकलून पुन्हा पहिल्यापासून. चांगली पद्धत आहे. जगभर चालते. खितामनेच ती बसवली, आणि तिला तिच्यातलं भोकही ठाऊक होतं. ते तिने बेकला त्याच्या खोलीत जाऊन सांगितलं. मी बरोबर होतो.

"बेक, आवारात पिण्याचे दोनच टँकर उभे असताना गालिब आणि समाहने एकाच क्षणी काम उघडलं तर? दोघांच्याही फोटोत दोन टँकर. गालिब म्हणेल, मी हा सोडतो, तो राहील. समाह म्हणेल, मी तो सोडते, हा राहील. दोघंही नियमाने वागले. आणि आवारात काय राहिलं? तेलाचे डाग."

"मशीन अडवेल की. एवढं महागातलं घेतलंय."

"एकाच टँकरवर दोघांचे हात पडले तर अडवेल. इथे हात वेगवेगळ्या टँकरांवर. मशीन दोघांनाही शाबासकी देईल."

"फोटो खोटा असतो म्हणतेस?"

"खोटा नसतो. शिळा असतो. एका शिंकेएवढा."

"असं किती वेळा होईल?"

"एकदा पुरे."

बेकने बी फोडली. "उपाय काय मग?"

"शेवटच्या टँकरपाशी एकाने दुसऱ्यासाठी थांबायचं. पापणी लवेपर्यंत."

चहात माशी निघावी तसं बेकचं तोंड झालं. "पोरी, तू बस स्टँडवर वाढलीस, म्हणून तुला रांगा आवडतात. भिंतीवर काय लिहिलंय वाच. आणि जाताना दार ओढून घे, एसी चालू आहे."

बाहेर आल्यावर खितामने हात साबणाने धुतले. त्या खोलीतून आलं की ती नेहमीच धुवायची.

मग बारावीच्या निकालाचा दिवस आला. ज्याचं पोर पास झालं तो गाडी घेऊन रस्त्यावर, पोरं खिडक्यांतून कमरेपर्यंत बाहेर लोंबकळलेली, भोंगे, शिट्ट्या, सगळं शहर तुंबलेलं. घरोघर पाहुणे, म्हणून घरोघर पाणी संपलेलं, आणि आमचे फोन कोकलत होते. दुपार कलता कलता पिण्याचे टँकर एकेक करत गेले आणि दोन उरले.

गालिबकडे दाबूकच्या एका बंगल्यातून फोन आला. त्यांच्या मुलाला चांगले मार्क पडले होते, संध्याकाळी तलावात पोहायची पार्टी होती आणि तलाव अर्धा रिकामा. पोहायला पिण्याचंच पाणी हवं, कारण मुलाची कातडी नाजूक. समाहकडे एका मिठाईवाल्याचा फोन, कुनाफ्याची परातीमागून परात भट्टीत आणि भांडी धुवायला थेंब नाही. दोघांनी काम उघडलं. दोघांना फोटो मिळाला. दोघांनी मोजलं, दोन उभे आहेत, एक घेतला तरी एक राहतो. मशीनने दोघांनाही हिरव्या अक्षरांत सांगितलं, झालं.

दोन्ही टँकर फाटकातून एकामागून एक बाहेर पडले. फाटकावरच्या माणसाने दोघांना सलाम ठोकला. त्यालाही कोणी काही विचारलं नाही आणि त्यानेही कोणाला काही विचारलं नाही.

थोड्याच वेळात सेंटरचा फोन आला. नळ गेला, टाकी तळाला लागली, पाठवा. समाहने स्क्रीन बघितली आणि ती खुर्चीतून उठून उभी राहिली. दाबूकचा टँकर निकालाच्या मिरवणुकीत अडकला होता, पुढे जाईना की मागे येईना. मिठाईवाल्याने पाणी आधीच उतरवून घेतलं होतं. सेंटरमध्ये मशीनं ओरडायला लागली, आणि नर्सांनी एकेका माणसाचं रक्त परत अंगात घालून त्याला अर्धवट धुतलेलं तसं घरी पाठवलं. त्यात अबू जवाहिर होता. रस्ते तुंबलेले, टॅक्सीत बसल्या बसल्या त्याला धाप लागली, आणि पोरं खिडकीतून त्याच्यावर टिकल्या उधळत होती. जर्काला पोहोचेपर्यंत तो निळा पडला होता.

तो वाचला. हॉस्पिटलात त्याच्या फुप्फुसातलं पाणी काढलं. पाणी नव्हतं म्हणून तो पाण्यानेच गुदमरला, हे डॉक्टरने हसून सांगितलं. त्या डॉक्टरच्या श्रीमुखात द्यावीशी वाटली मला.

दुसऱ्या दिवशी बेकने सगळ्यांना वर बोलावलं. खिताम हॉस्पिटलातून तशीच आली होती, कालच्याच कपड्यांत.

"आईची शपथ," गालिब म्हणाला, "मी बघितलं होतं. एक उभा होता."

"मीपण बघितलं होतं," समाह रडत रडत म्हणाली. "एक उभा होता, म्हणून तर सोडला. नसता तर सोडला असता का मी?"

फाटकवाला म्हणाला, "मी दोघांची पावती बघितली होती. दोन्ही बरोबर."

"मशीनने लाल अक्षरं दाखवली?" बेकने विचारलं.

"नाही."

"म्हणजे चूक कोणाचीच नाही. अल्हम्दुलिल्लाह. आणि मेलंय कोण? कोणी नाही." एवढं बोलून त्याने बी फोडली आणि टरफल खितामच्या टेबलावर थुंकलं.

खिताम उठली, बेसिनपाशी गेली आणि ओकली. दार उघडंच होतं, सगळ्यांना ऐकू आलं. समाहने कान झाकले. बेक म्हणाला, "बिचारी, दमली असेल," आणि तिला घरी जायची परवानगी दिली.

प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण खितामचे चुलतभाऊ दिवसभर येऊन आवाराच्या फाटकाशी नुसते उभे राहिले. बोलत नव्हते, गाड्या अडवत नव्हते, उभे होते. आमच्याकडे असं कोणी येऊन उभं राहिलं की त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो, समेट करा नाहीतर आम्ही हिशेब चुकता करू. बेकच्या अत्तराला घामाचा वास यायला लागला. मग त्याने आमचा जुना हुकमी उपाय काढला, जाहा. म्हणजे चार वजनदार माणसं पुढे घालून दुखावलेल्याच्या दारी जायचं, घरचे फिंजानभर कडू कॉफी पुढे ठेवतात, आणि मागणं मान्य होईपर्यंत तिला तोंड लावायचं नाही. फिंजान म्हणजे बिनकानाचा इवलासा कप, दोन घोटांचा. कॉफी प्यायली की तंटा मिटला. नंतर त्याबद्दल ब्र काढायचा नाही.

"घरचीच मुलगी आहे," बेक मला गाडीत म्हणाला. "उलट सोपं. कॉफी पिऊ, विषय संपवू. मशीनला हात लावायची गरज नाही."

पुढे घातलेले पाशा म्हणजे सैन्यातून निवृत्त झालेले एक बडे अधिकारी. दुसऱ्यांच्या भांडणांत रडवेला आवाज काढून भाषण करणं हाच आता त्यांचा उद्योग. जर्कामध्ये गल्लीत मांडव घातला होता, प्लास्टिकच्या खुर्च्या, समोरासमोर दोन रांगा. घरच्यांच्या वतीने बोलायला खितामचा काका अबू मितिब. तो पाशांच्या येण्यानेच एवढा हरखला होता की त्याचा मुलगा मोबाइल घेऊन दोघांचा एकत्र फोटो कसा येईल ते बघत होता. भाऊ नुकताच मरता मरता वाचलेला, आणि याला फोटो हवा. अबू जवाहिरला गादीवर उशा लावून बसवलं होतं. दारातल्या पडद्यामागे बायका, आणि पडद्याच्या कडेला खिताम.

कॉफी आली. फिंजान पाशांसमोर ठेवला गेला. पाशांनी आवाज रडवेला केला आणि सुरू झाले, नशीब, देवाची इच्छा, काळ आला होता पण वेळ आली नव्हती, आपण सगळे भाऊ. माझ्या शेजारचा माणूस खरोखर डोळे पुसत होता. मला किळस आली, माझी मलाही, कारण मी त्याच रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून बसलो होतो.

अबू मितिबने छाती फुगवली. "पाशा, तुम्ही आमच्या दारी आलात यातच सगळं आलं. कॉफी..."

"थांब," अबू जवाहिर म्हणाला.

आवाज एवढा बारीक की पुढच्या रांगेलाच ऐकू गेला, मग तो मागे मागे सरकत गेला. 

"दुखणं माझं आणि माफी तू देतोस, भाऊ?" म्हाताऱ्याने धाप आवरली. "गालिब, इकडे ये पोरा. त्या दिवशी तू काय बघितलंस?"

"एक टँकर उभा होता, काका. देवाशपथ."

"आणि त्या पोरीने?"

"तिनेही तेच बघितलं."

"खोटं कोणी बोललं का?"

"नाही, काका."

"मग पाशा, मी कोणाला माफ करू? चोर असता तर माफ केलं असतं. इथे सगळे खरे. आणि परवा हेच खरे लोक पुन्हा तिथेच बसणार, पुन्हा बघणार, आणि पुन्हा माझ्या तोंडचं पाणी पळवणार." तो थांबला, पुन्हा श्वास घेतला. "माझ्या मुलीने एक तोड सांगितली आहे. तुमच्या समोरचा फिंजान बघा. आता एकदा हा प्यायला गेला की हाच हातोहात फिरेल. एवढी माणसं बसलीत. कोणी म्हणालं का, मला वेगळा द्या, माझा खोळंबा होतोय?"

दोन-चार म्हातारे हसले.

"तसा एक फिंजान त्या मशीनमध्ये ठेवा. ज्याला पिण्याचा टँकर हलवायचा त्याने आधी फिंजान हातात घ्यायचा. तो हातात आल्यावरच आवाराचा फोटो मिळेल, आधी नाही. एकाचं काम होईपर्यंत दुसरा थांबेल. घोटभर कॉफी गिळायला लागतं तेवढंसुद्धा नाही. हे होत असेल तर कॉफी प्या. नसेल तर तशीच ठेवा, माझी काही तक्रार नाही."

सगळे बेककडे बघायला लागले. बेकने छातीवर हात ठेवला. "इन्शाअल्लाह, अबू जवाहिर. नक्की बघू."

पडदा हलला आणि खिताम दारात आली. आमच्याकडे बायका जाहामध्ये बोलत नाहीत. अबू मितिब तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला, पण ती त्याच्याकडे बघतही नव्हती.

"काका लोकहो, बेकचा हा इन्शाअल्लाह मला चांगला ओळखीचा आहे. पगारवाढ मागितली की हाच मिळतो. लग्नाची रजा मागितली तर समाहला हाच मिळाला, तिला आता मूल आहे. हो म्हणताय की नाही म्हणताय, तेवढं सांगा."

मांडवभर हशा पिकला. बेकच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पाशा त्याच्याकडे झुकले आणि कुजबुजले, "लवकर बोल रे. कॉफी निवली, आणि मला अजून सल्टला दुसऱ्या जाहाला जायचंय."

बेकने मिशीला हात लावला. आमच्याकडे मिशीला हात लावून दिलेला शब्द फिरवला तर माणसाला पुन्हा कोणाच्या मांडवात बसायला जागा मिळत नाही. "शब्द दिला," तो म्हणाला. "फिंजान बसेल."

पाशांनी गार कॉफी एका घोटात संपवली. अबू मितिबला फोटो मिळाला.

खितामने काम एका सकाळीत केलं. नवीन काही नव्हतंच त्यात. मशीनमध्ये एक नोंद, तिला नाव फिंजान. टँकरला हात लावायच्या आधी दोघांनीही त्या एकाच नोंदीला हात लावायचा. आता हात वेगवेगळ्या जागी पडायची सोय उरली नाही. दुसऱ्याच्या स्क्रीनवर यायचं, "थांबा. फिंजान समाहच्या हातात आहे." आणि फिंजान हातात आला की खरा, ताजा फोटो.

ड्रायव्हर चेष्टा करायचे. "काय गालिब, तुझा घोट झाला का?" भिंतीवर "कोणी थांबत नाही" आणि खाली स्क्रीनवर "थांबा". पाहुणे आले की बेक पाठीने स्क्रीन झाकून उभा राहायचा. त्याच्या मेहुण्याने एकदा गच्चीवरच्या टबासाठी शेवटचा टँकर मागवला. मशीनने नकार दिला. बेकने खोलीतून बाहेर येऊन गालिबला आईबहिणीवरून शिव्या दिल्या. गालिब म्हणाला, "बेक, मी काय करू? मी आत्ता बघितलं." खिताम तिच्या जागेवर बसून तिळाचा पाव खात होती. पूर्ण खाल्ला तिने.

थंडीत अबू जवाहिर गेला. पाण्यावाचून नाही, आपल्या अंथरुणात, दुपारी जेवून पडला तो उठलाच नाही. तीन दिवस त्याच गल्लीत तोच मांडव. शोकाच्या घरी कडू कॉफी द्यायची असते आणि घरात मुलगा नाही, म्हणून सुरई घेऊन मी उभा राहिलो. एक फिंजान, प्यायचा, पुरे झालं की मनगटातून हलवून परत द्यायचा, की मी पुढच्याला.

बेक आला. अत्तर आधी आलं, मग तो. त्याने फिंजान घेतला, प्यायला, पण हलवला नाही, पुन्हा पुढे केला. मी भरला. त्याने घोट घेतला आणि माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "मुईन, आता तो फिंजान काढून टाकायला हरकत नाही ना? ज्याच्यासाठी होता तो तर गेला, देव त्याला शांती देवो. पुढच्या आठवड्यात कुवेतचे लोक येताहेत. खितामला आत्ताच सांगू नकोस, दुःखात आहे बिचारी. तू काढ."

आणि फिंजान तिसऱ्यांदा पुढे केला.

मला आयुष्यात माणसाची एवढी घाण कधी वाटली नव्हती. सुरई माझ्या हातात होती, गरम होती. ती त्याच्या डोक्यावर ओतायचा विचार माझ्या मनात येऊन गेला, हे मी लपवत नाही.

"बेक," मी मोठ्याने म्हणालो, "फिंजान हलवून परत द्या. मागे माणसं थांबलीत."

तो वैतागून मागे वळला. त्याच्या मागे रांग होती. सेंटरची माणसं आली होती, अबू जवाहिरच्या डाव्या-उजव्या खुर्च्यांवर झोपणारी. पिवळे चेहरे, जाड स्वेटर, आणि प्रत्येकाचा एक हात सुया टोचून टोचून फुगलेला. त्यांना मोजूनमापून प्यावं लागतं, तरी अबू जवाहिरच्या नावाने एक घोट घ्यायला ते उभे होते. पहिल्या म्हातारीने बेकला ओळखलं नाही. ती त्याला म्हणाली, "घे बाबा, सावकाश घे. आम्हाला सवय आहे थांबायची."

बेकने फिंजान हलवला आणि माझ्या हातात दिला. त्याचा हात ओला होता. मी फिंजान विसळला, पुन्हा विसळला, आणि मगच म्हातारीसाठी भरला.

खिताम कामावर परतली त्या सकाळी मी तिला सगळं सांगितलं. लपवून काय करणार, तिला ते वासावरूनही कळलं असतं. ती उठली. बेसिनपाशी गेली. मग चूळ भरली, तोंड पुसलं, काळ्या ओढणीचं टोक खोचलं आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

"फिंजान जागेवर आहे?"

"आहे."

तिने गालिबची स्क्रीन उघडून बघितली. समाहचं काम चाललं होतं, त्यामुळे गालिबकडे "थांबा" आलं होतं, आणि आतल्या खोलीतून बेक ओरडत होता की गाडी अजून का सुटत नाही, कोणाला पडलीय का नाही.

"थांबू देत त्यांना," खिताम म्हणाली, आणि तिने तिळाचा पाव कागदातून बाहेर काढला.